पुस्तक कपाटात आहे, पण सर्चमध्ये नाही

आजच्या भागात अक्षरांबद्दल बरंच बोलणं झालंय, त्यामुळे ऐकलं असेल तरी एकदा वाचाच.

मी अकरावी-बारावी जिथे केली, त्या कॉलेजच्या लायब्ररीचा कॅटलॉग नव्या सिस्टिमवर न्यायचं काम मी गेले काही महिने शनिवार-रविवारी करतोय. पहिल्याच दिवशी ग्रंथपाल मॅडमनी एक यादी दाखवली. दहा वर्षांत एकदाही इश्यू न झालेली पुस्तकं. जागा कमी, म्हणून ती निर्लेखित करायचा प्रस्ताव होता, म्हणजे दाखल नोंदवहीतून कमी करून रद्दीत. यादीत बहुतेक पुस्तकं मराठी होती. मॅडम म्हणाल्या, "मुलं मराठी वाचतच नाहीत रे आता."

मी सर्चमध्ये 'कविता' टाइप केलं. निकाल शून्य. मागे कवितासंग्रहांचं अख्खं कपाट उभं होतं.

कारण असं. जुन्या नोंदी फॉन्टवर आधारित मराठीत होत्या. त्या पद्धतीत फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक साठवलेले असतात, फॉन्ट फक्त त्यावर मराठी अक्षराचं चित्र चढवतो. काउंटरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट होता, म्हणून तिथे सगळं ठीक दिसायचं. मुलं मात्र मोबाइलवरून युनिकोडमध्ये टाइप करतात. युनिकोडमध्ये 'प'चा स्वतःचा क्रमांक आहे, २३४६. जुन्या फाइलमध्ये तो क्रमांकच नाही, मग जुळणार काय?

"मग कन्व्हर्टर चालव की," असं मलाही वाटलं होतं. पण नुसते क्रमांक बदलून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. 'कविता' जुन्या पद्धतीत क, मग वेलांटी, मग व अशी साठवलेली असते, कारण वेलांटी दिसते 'व'च्या आधी. युनिकोडमध्ये आधी व, मग वेलांटी. रफाराचं उलट. 'पर्व'मधला रफार 'व'च्या डोक्यावर दिसतो म्हणून जुन्या फाइलमध्ये 'व'नंतर येतो, युनिकोडमध्ये 'व'च्या आधी.

इथे मी एक घोळ घातला. स्क्रिप्ट सगळ्या नोंदींवर एकदम चालवली. मराठी सुधारलं, पण इंग्रजी पुस्तकांच्या नावांचा देवनागरी कचरा झाला! बॅकअप होता म्हणून वाचलो. 'भाषा' हा रकाना अर्धवट भरलेला होता, म्हणून मग वर्गांकाचा आधार घेतला. ड्युई पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६, तिथून सुरुवात केली. इतिहास, अर्थशास्त्र वगैरे विषयांवरची मराठी पुस्तकं मॅडमनी आणि दोन विद्यार्थ्यांनी दाखल क्रमांकावरून नोंदवहीशी ताडून वेगळी काढली. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर करून देत नाही.

नवी सिस्टिम म्हणजे कोहा. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी बनलेली आणि २०००च्या सुरुवातीला वापरात आलेली ही मुक्त प्रणाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. लायसन्सचे पैसे नाहीत, पण सर्व्हर, बॅकअप आणि माणसाचा वेळ फुकट नसतो, हे कॉलेजला आधीच सांगून ठेवा. मराठीसाठी एक गोष्ट विसरू नका: कोहासोबत झेब्रा हे सर्च इंजिन वापरणार असाल तर इंडेक्सिंग 'आयसीयू' पद्धतीचं निवडा. नाहीतर नोंद युनिकोडमध्ये असूनही देवनागरीचा सर्च नीट चालत नाही.

अक्षरं जुळली तरी माणसं जुळायची राहतात. कविता कुसुमाग्रजांच्या, 'नटसम्राट' वि. वा. शिरवाडकरांचं. माणूस एकच. आमच्याकडे शिरवाडकरांचंच नाव टिंबं आणि स्पेस बदलून चार तऱ्हांनी लिहिलेलं होतं. यासाठी कॅटलॉगमध्ये प्राधिकृत नोंद करतात: एक नाव प्रमाण धरायचं आणि बाकीची त्याला जोडायची. कुठलं नाव प्रमाण धरायचं हे इंजिनिअरने ठरवू नये, ते ग्रंथपालांचं काम. बरीच मुलं मराठी नावं इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, म्हणून पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात तसंही नाव भरतोय.

शेवटी टेस्टिंग. मी नोंदी मोजून खूश होतो: जुन्यात जितक्या, नव्यात तितक्या. मॅडमनी वेगळीच परीक्षा घेतली. कपाटातून डोळे मिटून पन्नास पुस्तकं काढली आणि मुलांना मोबाइलवर शोधायला लावली. पहिल्या फेरीत अकरा सापडली नाहीत. मोजणी बरोबर होती, तरी सर्च चुकत होता. त्या अकरांमुळेच उरलेल्या चुका कळल्या.

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळायला हवा, अशा अर्थाचा त्यातला एक. मिळाला नाही तर दोष पुस्तकाचा किंवा वाचकाचाच असेल असं नाही, मधल्या नोंदीचाही असतो.

निर्लेखनाचा प्रस्ताव मॅडमनी वर्षभरासाठी मागे घेतलाय. त्या यादीतली पुस्तकं आता सर्चमध्ये येतात. वर्षभरानंतरही कुणी नेली नाहीत, तर "मुलं वाचत नाहीत" हे मी मान्य करेन. त्याआधी नाही.

तुमच्या कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये आज एवढंच करा: समोर कपाटात दिसतंय असं एक मराठी पुस्तक मोबाइलवरून शोधा. सापडलं का, ते मला कळवा. भेटूया पुढच्या भागात.