गाठीमागचा हात

जून १९८१मध्ये अमेरिकेत एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद झाली. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी समलिंगी पुरुषांमध्ये बर्किटसारखा, भराभर वाढणारा लिम्फोमा दिसत असल्याचं कळवलं. लिम्फोमा म्हणजे लसीका-पेशींचा कर्करोग; बर्किट हा त्याचाच एक प्रकार. १९८५मध्ये त्याच्या आक्रमक प्रकारांना एड्सच्या व्याख्येतच जागा द्यावी लागली.

तेव्हाचं उत्तर सरळ होतं. एड्सचा विषाणू एचआयव्ही रोगप्रतिकारक सीडी-४ पेशी मारतो, शरीराचा पहारा उठतो आणि एरवी दबून असलेले विषाणू डोकं वर काढतात. पुरावाही मिळत गेला. आफ्रिकेतल्या मुलांच्या बर्किट गाठींत १९६४मध्ये सापडलेला एपस्टाईन-बार विषाणू एड्सच्या रुग्णांच्या मेंदूतल्या लिम्फोमात जवळजवळ हमखास आढळे. १९९४मध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी कापोसी सार्कोमा या कर्करोगामागचा हर्पिस विषाणू शोधला. वर्षभरात तोच एका दुर्मिळ लिम्फोमातही सापडला. एचआयव्हीवर मात्र थेट बोट ठेवता येईना, कारण हे लिम्फोमा बहुतांशी प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींचे, आणि त्या गाठींच्या पेशींत एचआयव्ही सापडत नव्हता.

१९९६पासून एचआयव्हीवर एकत्रित औषधोपचार (एआरटी) आले. मेंदूतला लिम्फोमा झपाट्याने घटला, पण बर्किट आणि हॉजकिन हे लिम्फोमा त्या प्रमाणात हटले नाहीत. बर्किट तर सीडी-४ पेशी बऱ्यापैकी असतानाही होतो. ‘पहारा उठला’ एवढ्याने आता भागेना.

मग लक्ष गेलं विषाणूच्या प्रथिनांकडे. पी-१७ हे विषाणूच्या वेष्टनाचं आतलं अस्तर. लागण झालेल्या पेशी ते बाहेर टाकतात. एआरटीच्या गोळ्या नव्या पेशींना लागण होऊ देत नाहीत, पण आधीच लागण झालेल्या पेशींतली प्रथिननिर्मिती त्या थांबवत नाहीत. २००५मध्ये दिसलं, की रक्तात विषाणू सापडत नसलेल्या रुग्णांच्याही लसीकाग्रंथींत त्याची प्रथिनं टिकून आहेत. इटलीत ब्रेशियाच्या अर्नाल्डो कारुसो यांच्या गटाने दाखवलं, की पी-१७चं मूळ रूप बी-पेशींची वाढ रोखतं, तर त्याची काही बदललेली रूपं तिला चालना देतात. २०१६मध्ये एचआयव्हीची जनुकं घातलेल्या उंदरांत पी-१७ आणि लिम्फोमा सोबत दिसले. दुसरं प्रथिन टॅट. ते बी-पेशीत शिरून पेशींची वाढ चालवणाऱ्या एमवायसी जनुकाला प्रतिपिंडाच्या जनुकाजवळ आणतं. बर्किटमध्ये बहुतेकदा याच दोन जागांची अदलाबदल झालेली असते.

हे पुरावे प्रयोगशाळेतले आहेत, माणसातली साखळी अजून पूर्ण जुळलेली नाही. तरी चाळीस वर्षांत एक गोष्ट पक्की झाली: पेशीत न शिरताही विषाणू तिला बिघडवू शकतो, या शक्यतेकडे पाठ फिरवता येत नाही.

भारतात १ एप्रिल २००४पासून सरकारी केंद्रांत एआरटी मोफत मिळते, लाखो माणसं त्या गोळ्यांवर उभी राहिली. त्या चुकवू नयेतच. पण मानेत वा काखेत गाठ आली की ती टीबीचीच, असं गृहीत धरून महिने दवडले जातात. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, कमी असलं तरी न विरघळणाऱ्या गाठीची बायोप्सी व्हायलाच हवी. लिम्फोमा वेळेत सापडला तर तो बरा होऊ शकतो.