मखमली कृमीचा शोध

पहिला पाऊस पडून गेल्यावर शेताच्या बांधावर लालभडक रंगाचा एक चिमुकला जीव हळूहळू चालताना तुम्ही पाहिला असेल. मराठीत त्याला मृगाचा किडा म्हणतात. तुमच्या घरची मोठी माणसे त्याला बीरबहूटी म्हणत असतील. त्याच्या अंगाला बोट लावले की मखमलीची आठवण होते.

आज आपण ज्या प्राण्याची माहिती घेणार आहोत, त्याचे नावही मखमलीवरूनच पडले आहे. पण तो अगदी निराळा प्राणी आहे. मृगाचा किडा हा कोळ्याचा नातेवाईक. त्याला आठ पाय असतात आणि तो शोधावा लागत नाही. मखमली कृमी मात्र शोधूनही सहज सापडत नाही.

हा प्राणी लांबट व मऊ असतो. त्याला हाडे नाहीत, कवचही नाही. पायांच्या तेरापासून चाळीसहून अधिक जोड्या असतात. पायांना सांधे नसतात, टोकाला मात्र बारीक नख्या असतात. वेस्ट इंडीजमधील सेंट व्हिन्सेंट बेटावर लॅन्सडाऊन गिल्डिंग यांना तो मिळाला. १८२६ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा तो गोगलगाईच्या वर्गातला आहे असे त्यांना वाटले. पाय असलेली गोगलगाय! चूक झाली खरी. पण त्या जागी आपण असतो, तर आपणही कदाचित तेच म्हटले असते.

हा प्राणी इतका दुर्मीळ का वाटतो? त्याचे कारण त्याच्या कातडीत आहे. श्वास घेण्यासाठी तिच्यावर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि ती त्याला बंद करता येत नाहीत. कोरड्या हवेत त्या छिद्रांतून अंगातले पाणी उडून जाते व तो सुकून मरतो. म्हणून दिवसा तो दगडाखाली, कुजलेल्या ओंडक्यात किंवा मातीच्या भेगेत दडून बसतो. रात्री ओलाव्यात बाहेर पडतो.

तेव्हा त्याला शोधायचे, तर पावसाळी जंगलात ओणवे होऊन एकेक दगड अलगद उलटावा लागतो. कुजका ओंडका सावकाश उकलावा लागतो. जळवा पायांना चिकटतात. दिवसभर राबून हाती काहीच लागत नाही, असेही होते. उलटलेला दगड पुन्हा होता तसाच ठेवावा लागतो, नाहीतर त्याखालची ओल उडून जाईल. सापडलेल्या कृमीला डिवचले, तर तो तोंडाजवळच्या दोन नळ्यांतून चिकट द्रवाच्या पिचकाऱ्या मारतो. तो द्रव हवेत लगेच घट्ट होतो. हेच त्याचे शिकारीचे जाळे!

आपल्या देशातही तो आहे. १९११ च्या मार्च महिन्यात, आजच्या अरुणाचल प्रदेशातील सियांग खोऱ्यात, नोएल विल्यमसन हा इंग्रज अधिकारी मारला गेला. तेथील आदी लोकांना शिक्षा करण्यासाठी सरकारने सैन्य पाठवले. त्याबरोबर कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील स्टॅन्ली केंप हे प्राणिशास्त्रज्ञही गेले. त्यांना रोटुंगच्या परिसरात दगडांखाली हा कृमी मिळाला. त्याला बाहेरून दिसणारे डोळे नव्हते. त्याचे नाव ठेवले टायफ्लोपेरिपेटस विल्यमसोनी. ‘टायफ्लो’ म्हणजे आंधळा. पुढचे नाव त्या अधिकाऱ्याचे. ज्यांच्या डोंगरात तो राहतो, त्या लोकांचे नाव मात्र त्यात आले नाही.

त्यानंतर तो कोणालाच दिसला नाही. तो नष्ट झाला, की कोणी नीट शोधलाच नाही? संग्रहालयातले जुने नमुने याचे उत्तर देऊ शकत नव्हते. बंगळूरच्या ‘एट्री’ या संस्थेतील संशोधक केंप यांच्या मार्गाने पुन्हा सियांग खोऱ्यात गेले. त्यांनीही दगड उलटून पाहिले आणि १११ वर्षांनी तो त्यांना सापडला, जिवंत! आता त्याच्या ताज्या पेशींतील डीएनए तपासता येतो. आफ्रिकेतील आणि अमेरिकेतील त्याच्या भाऊबंदांशी त्याचे नाते किती जुने आहे, याचा हिशेब मांडता येतो. केंप यांच्या काळी डीएनएची तपासणी कोणालाच ठाऊक नव्हती.