जुने अंक, त्या वेळचा निकाल : बॉक्सिंगच्या मासिकांचा संग्रह

आजचा विषय आहे बॉक्सिंगची जुनी मासिकं. गाजलेल्या लढती आता मोबाइलवर बघता येतात, कोण कितव्या फेरीत जिंकला तेही लगेच कळतं. मग पिवळे पडलेले अंक जमवायचे कशाला? एक उदाहरण घेऊ.

नॅट फ्लायशर यांनी १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये 'द रिंग' हे मासिक सुरू केलं. पुढे त्याची क्रमवारी आणि 'वर्षातला सर्वोत्तम बॉक्सर' हा मान जगभर मोठा समजला जाऊ लागला. १९६६ मध्ये मोहम्मद अलीनं हेवीवेटचं विजेतेपद पाच वेळा राखलं. तरीही 'द रिंग'नं त्या वर्षीचा मान कुणालाच दिला नाही. अली 'नेशन ऑफ इस्लाम'मध्ये होता, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलत होता. अमेरिकेतल्या मुलांपुढे आदर्श म्हणून त्याला ठेवता येणार नाही, अशी मासिकाची भूमिका होती.

पुढच्याच वर्षी अलीनं सैन्यात जायला नकार दिला आणि बॉक्सिंग मंडळांनी त्याचं विजेतेपद काढून घेतलं. आता गंमत बघा. फ्लायशर यांचं म्हणणं पडलं, की विजेतेपद रिंगणात हरावं लागतं, कार्यालयात नाही. १९७० पर्यंत मासिक अलीलाच विजेता मानत राहिलं.

आज अली सगळ्यांचा लाडका आहे. त्यामुळे आता लिहिलेल्या लेखांत ही ओढाताण पुसट होते. जुन्या अंकात ती तशीच छापलेली असते, कारण लिहिणाऱ्याला पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. संग्रहाची खरी किंमत इथे आहे.

पण छापलेलं सगळं खरं मानू नका. १९७७ साली डॉन किंग यांनी अमेरिकेत भरवलेली, एबीसी वाहिनीवर दाखवली जाणारी स्पर्धा मध्येच बंद पडली. 'द रिंग'च्या नोंदींत काही बॉक्सरांच्या नावावर न झालेल्या लढती चढवल्याचं उघड झालं होतं. म्हणून एकाच मासिकावर विसंबू नये. लंडनचं 'बॉक्सिंग न्यूज' १९०९ पासूनचं आहे. दोन्हींचे अंक शेजारी ठेवले की तफावत दिसते.

आता खरेदीचं बोलू. मुखपृष्ठावरचा महिना आणि लढतीचा महिना एक नसतो. अली-फ्रेझर लढत ८ मार्च १९७१ ला झाली, पण तिचा वृत्तान्त मार्चच्या मासिकात शोधाल तर मिळणार नाही. पुढचे दोन-तीन महिने चाळा. पैसे देण्याआधी पानं मोजा. मधलं पान गळालेलं असतं, जाहिरातीतलं कूपन कापलेलं असतं. बांधीव खंड स्वस्त पडतात, पण बांधताना बऱ्याचदा मुखपृष्ठं काढलेली आणि कडा कापलेल्या असतात. वाचायला असे खंड उत्तम, जपायला सुटे अंक बरे. एकच गाजलेलं मुखपृष्ठ महाग घेण्यापेक्षा एका वर्षाचे बारा साधे अंक घ्या. मत कसं बदलत गेलं ते त्यातूनच कळतं.

शेवटी जपणूक. या कागदात आम्ल असतं, म्हणून तो पिवळा पडतो आणि तुटतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात पिना गंजतात, कसर लागते. अंक आम्लविरहित पुठ्ठ्यासह पॉलिस्टरच्या पिशवीत ठेवा. पीव्हीसीची पिशवी नको, लॅमिनेशन नको, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर अजिबात नको. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

आणि मंडळी, जमवलेले अंक वाचा. पिशवीत बंद राहिलेला अंक कुणाचीच बाजू सांगत नाही.