निवासी डॉक्टरांचा तास

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेला, की त्याची पहिली गाठ नामांकित डॉक्टरांशी पडत नाही; ती पडते निवासी डॉक्टरांशी. एम. बी. बी. एस. होऊन हे तरुण एम. डी. किंवा एम. एस. साठी तीन वर्षे रुग्णालयात राबत असतात. ‘राबत’ हा शब्द आम्ही जाणून वापरतो. ते विद्यार्थी आहेत तसे कामकरीही आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या वर्गातल्या शिक्षणाचा प्रश्न आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांना परका वाटत नाही.

रोग्याच्या खाटेपाशी शिकविण्याची रीत विल्यम ऑस्लर यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९ नंतर रुजविली. ती चांगलीच आहे. वर्ग मात्र बहुधा जुन्या चालीवर चालतो. एकाने बोलावे, पडद्यावर चित्रे सरकावीत, बाकीच्यांनी ऐकावे. रात्रभर वॉर्ड सांभाळून आलेल्या माणसाला अंधारात बसविले तर काय होते, हे तिसऱ्या पाळीच्या कोणत्याही कामगाराला विचारावे!

रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी तो वाचून, मिटून, आठवून लिहिला. आठवड्याने पाहिले तो आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात अधिक राहिले होते. गंमत अशी, की आपल्या लक्षात जास्त राहील असा भरवसा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांनाच होता. फिटरच्या हाताखाली शिकलेल्या पोराला हे नवे वाटणार नाही.

मग नवा तास कसा असावा? समजा, शिक्षकाने एक रोगी मांडला. चाळिशीचा पुरुष, जुना खोकला, चालताना दम, एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांवर ठिपके, थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत. येथे शिक्षकाने थांबावे. तिघातिघांनी बसून ठरवावे, आता काय विचारायचे? औषधांची नावे भराभर निघतील. पण एखादा विचारील, ‘तुम्ही काम काय करता?’ उत्तर येते: ओतशाळेत, वाळूच्या साच्यांवर, पंधरा वर्षे. म्हणजे सिलिकोसिसचा संशय. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असे इटलीच्या रामाझ्झिनी यांनी १७०० साली लिहून ठेवले होते. १९४८ च्या कारखाने कायद्याने हा रोग सरकारला कळविण्याजोगा ठरविला. तो प्रश्न राहून गेला, तर क्षयाची औषधे चालू राहतात, माणूस त्याच धुळीत परततो आणि नुकसानभरपाईचा हक्कही बुडतो.

अलीकडे ‘आधी घरी वाचा, वर्गात चर्चा करा’ ही पद्धत फार बोलली जाते. शाळकरी मुलांसाठी ती ठीक. पण निवासी डॉक्टराला घर कुठले आणि संध्याकाळ कुठली? त्याच्या बाबतीत ती बिनपगारी ओव्हरटाइम ठरेल. केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सांगितली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत वाजवी तास, विश्रांती आणि साप्ताहिक सुटी आहे. कागदावरचे तास आणि वॉर्डातले तास यांतले अंतर ‘मार्ड’ ही निवासी डॉक्टरांची संघटना वारंवार वेशीवर टांगत आली आहे. कॅनडात आणि अमेरिकेत अनेक ठिकाणी आठवड्यातला अर्धा दिवस शिक्षणासाठी राखतात. तेवढा वेळ वॉर्ड दुसरे सांभाळतात. येथे तसे करायचे तर जादा माणसे नेमावी लागतील. खर्चाची बाब आहे, आणि पद्धतीच्या गप्पांत ती हमखास गाळली जाते.

आमची एक सूचना आहे. नागापूरहून मनमाड रस्त्याने पुढे विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालय आहे. कारखाने तेथून दूर नाहीत. अशा राखीव अर्ध्या दिवसांपैकी एक ओतशाळेत घालवावा. साचा फोडताना धूळ किती उडते आणि तोंडाला फडके बांधून ती किती अडते, हे डॉक्टरांनी उभे राहून पाहावे. फाटकापर्यंत सोबत आम्ही येऊ. आत जाण्याची परवानगी मालकांकडून महाविद्यालयाने मिळवावी.