वेबॅक मशीन
वेबॅक मशीन हा संकेतस्थळांवरील पानांच्या जुन्या प्रती जतन करणारा डिजिटल संग्रह आहे. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेली इंटरनेट आर्काइव्ह ही अमेरिकी ना-नफा संस्था तो चालवते. २००१ पासून तो सर्वांसाठी विनामूल्य खुला आहे. पानाचा पत्ता दिल्यास त्याच्या उपलब्ध प्रती तारखेनुसार दिसतात.

बदललेला किंवा काढून टाकलेला मजकूर शोधण्यासाठी पत्रकार या संग्रहाचा वापर करतात. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचे एमएच१७ हे प्रवासी विमान पाडण्यात आले. त्याच दिवशी फुटीरतावादी नेते इगोर गिरकिन यांच्या नावाने चालणाऱ्या समाजमाध्यम पानावर मालवाहू विमान पाडल्याचा दावा झळकला. तो पुढे काढून टाकण्यात आला. मात्र त्याची प्रत संग्रहात राहिली. अशी प्रत मजकूर अस्तित्वात होता एवढेच दाखवते. त्याची सत्यता स्वतंत्रपणे पडताळावी लागते.