मीमांसकांचा देव

महाराष्ट्रात कितीतरी गावांच्या सातबाऱ्यावर खंडोबाचं, मारुतीचं, महादेवाचं नाव लागलेलं असतं. देवस्थान इनाम, वर्ग तीन. जमीन देवाची, वहिवाट गुरवाची नाहीतर पुजाऱ्याची, आणि त्यावरचे तंटे तलाठ्यापासून उच्च न्यायालयापर्यंत. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात पुन्हा निर्वाळा दिला, की देवळाच्या जमिनीचा मालक देवच. पुजारी फक्त तिची व्यवस्था पाहणारा.

हा निर्वाळा शबरस्वामींना मुळीच पटला नसता. जैमिनींच्या मीमांसासूत्रांवरचं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं भाष्य त्यांचं, साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचं. ‘देवाचं गाव’, ‘देवाचं शेत’ या प्रयोगांचा विचार त्यांनी तिथे सरळ मालकी हक्काच्या अंगाने केला आहे. जी वस्तू ज्याला हवी तशी वापरता येते, ती त्याची. देव ना शेत कसतो, ना गाव विकतो. तेव्हा ही नुसती बोलण्याची रीत झाली. देवाच्या नावाने जे सोडलं जातं, त्यावर त्याच्या सेवेकऱ्यांचा चरितार्थ चालतो, एवढंच.

हे लिहिणारा माणूस चार्वाक नव्हता. वेदाचं अक्षर न् अक्षर प्रमाण मानणाऱ्या, यज्ञाशिवाय दुसरं काही न सुचणाऱ्या परंपरेचा तो आधारस्तंभ होता. हिंदू तत्त्वज्ञानात ईश्वराचं स्वरूप काय आणि माणसाने जगायचं कशासाठी, हे दोन प्रश्न आपण एका श्वासात विचारतो. एकाचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळेल, असं आपण धरून चालतो. मीमांसकांनी या दोन प्रश्नांची सरळ फारकत केली. त्यांना पुन्हा एकत्र नांदवण्याचा खटाटोप पुढे ज्यांनी केला, त्यांत मराठी मुलखातली माणसं बरीच निघतात.

आधी फारकत कशी झाली ते पाहू. अमावास्येला आणि पौर्णिमेला दर्शपूर्णमास इष्टी करायची. तिच्यात अग्नीला द्यायचा पुरोडाश आठ कपालांवर, म्हणजे आठ खापरांवर भाजायचा. आता प्रश्न असा, की हा पुरोडाश अग्नी खातो का? तो खाऊन प्रसन्न होतो आणि मग फळ देतो का? पूर्वपक्षी, म्हणजे वादातला प्रतिपक्षी, म्हणतो, होय. देवता ही पाहुण्यासारखी आहे, तिचं आतिथ्य करायचं. वेदातच इंद्राची जाड मान, मोठं पोट, बळकट बाहू यांचं वर्णन आहे की! शबरस्वामी उत्तरतात, की ती स्तुती आहे, वस्तुस्थिती नव्हे. पूर्वपक्षी हटत नाही. मधमाशी फुलातला रस घेते तशी देवता अन्नाचं सार घेते, म्हणून तर नैवेद्याला नंतर चव राहत नाही! यावर शबरस्वामींचं उत्तर आपल्या घरातल्या एखाद्या फटकळ आजीने द्यावं तसं आहे: वारा लागून अन्न गार झालं, म्हणून चव गेली.

मग देवता म्हणजे काय? ज्याच्या नावाने द्रव्य सोडायचं तो मंत्रातला शब्द. शरीर नाही, भूक नाही, मर्जी नाही. यज्ञ आज संपला आणि फळ दहा वर्षांनी, कदाचित मेल्यावर मिळालं, तर मधल्या काळात हिशेब कोण ठेवतं? कोणी नाही. कर्मातूनच एक अदृश्य शक्ती निर्माण होते, तिला ‘अपूर्व’ म्हणायचं. फळ पदरात पडेपर्यंत ती टिकते.

सातव्या शतकात कुमारिल भट्टांनी या मांडणीला धार लावली. ‘श्लोकवार्तिका’त त्यांनी जगाच्या निर्मात्याची जी उलटतपासणी घेतली आहे, ती वाचताना आपण एखाद्या कसलेल्या फौजदारी वकिलापुढे बसलो आहोत असं वाटतं. काहीच नव्हतं तेव्हा हा निर्माता उभा कुठे होता? त्याला पाहिलं कोणी? त्याला देह होता का? नसेल तर इच्छा कशी झाली, आणि असेल तर तो देह कोणी घडवला? करुणेपोटी जग निर्माण केलं म्हणाल, तर ज्यांची करुणा यावी असे जीव तेव्हा होतेच कुठे? आणि करुणाच असती तर सगळं सुखाचंच केलं नसतं का? जीवांच्या कर्मानुसार केलं म्हणाल, तर त्याचं स्वातंत्र्य गेलं. खेळ म्हणून केलं म्हणाल, तर ज्याला करमणूक लागते तो पूर्णकाम कसला? मूर्ख माणूससुद्धा हेतूशिवाय हालचाल करत नाही. आणि शेवटचा घाव असा, की ‘मीच जग निर्माण केलं’ हे त्याने स्वतः सांगितलं तरी विश्वास ठेवता येत नाही. स्वतःचा मोठेपणा मिरवण्यासाठी कोणीही तसं सांगेल.

गंमत अशी, की याच ग्रंथाच्या आरंभी कुमारिलांनी चंद्रकोर धारण करणाऱ्या शिवाला वंदन केलं आहे. पार्थसारथी मिश्र या टीकाकारांना हा पेच जाणवला. त्यांनी त्याच श्लोकाचा दुसरा अर्थ लावून दाखवला: हे वंदन यज्ञाला आहे, आणि ‘सोम’ म्हणजे चंद्र न घेता सोमरसाचं पात्र घ्यावं. हा अर्थ ओढूनताणून आणलेला वाटतो खरा, पण कुमारिलांची अडचण मिश्रांनी अचूक हेरली होती.

देव वजा केल्यावर आयुष्याचा हेतू काय उरतो? जुन्या मीमांसेत मोक्षाला जागा नव्हती. होता तो स्वर्ग. स्वर्ग म्हणजे एखादी जागा की वस्तू, यावरही शबरस्वामी थांबले आहेत. लोक तलम रेशमाला स्वर्ग म्हणतात, चंदनाला म्हणतात; पण थंडीत चंदन कोण लावून घेईल? वस्तू तीच असली तरी सुख तेच राहत नाही. म्हणून स्वर्ग म्हणजे सुख, निखळ प्रीती, असं त्यांनी ठरवलं. ज्या यज्ञाचं फळ वेदाने सांगितलेलंच नाही, त्याचं फळ स्वर्ग धरावं, कारण सुख कोणाला नको असतं? प्रभाकर हे दुसरे मोठे मीमांसक आणखी पुढे गेले. त्यांचं म्हणणं, वेदाने ‘कर’ म्हटलं की करायचं. नित्यकर्माला फळाचं आमिष लागत नाही. जे कर्तव्य म्हणून समोर आलं, ते पार पाडणं हेच प्रयोजन. ही भूमिका मला भारतीय विचारातली सर्वांत कडक भूमिका वाटते. तिच्यात ईश्वराचा धाक नाही, त्याची कृपा नाही, बक्षीसही नाही.

मीमांसक या बाबतीत अगदी एकटे नव्हते. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त पंचवीस तत्त्वं मोजली आहेत, त्यांत ईश्वर नाही, फक्त ग्रंथकाराच्या नावात आहे. दुःखातून कायमची सुटका हे मात्र तिथे पहिल्या ओळीपासूनचं उद्दिष्ट. पतंजलींनी सांख्यांचा हाच पसारा घेऊन ईश्वर आत आणला, तोही एक विशेष पुरुष म्हणून. त्याची भक्ती हा समाधीचा एक मार्ग, आणि तोही ‘किंवा’ म्हणून सांगितलेला.

ईश्वराचं वकीलपत्र खरं घेतलं ते नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तार्किकांनी. मिथिलेच्या उदयनाचार्यांचा ‘न्यायकुसुमांजली’ दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतर थोड्याच काळातला. घडा आहे म्हणजे कुंभार आहे, अंकुर आणि पृथ्वी आहेत म्हणजे त्यांचाही कोणी कर्ता आहे, हा त्यांचा प्रसिद्ध युक्तिवाद. पण मीमांसकांना खरा टोला दुसरीकडे बसतो. तुमचं अपूर्व जड आहे ना? मग ज्याचं त्याला नेमकं फळ पोचवण्याचं काम जड वस्तू कशी करील? तिच्यावर देखरेख करणारा जाणता कोणी हवाच. ग्रंथाच्या सुरुवातीलाच उदयनाचार्यांनी यादी दिली आहे, की सगळेच पंथ या ना त्या नावाने त्यालाच भजतात, अगदी कारागीरसुद्धा विश्वकर्मा म्हणून. मग संशय घ्यायला जागाच कुठे आहे? तरी तर्काने त्याचा विचार करायचा, कारण तसा विचार करणं हीच त्याची उपासना. पुढे त्यांच्याविषयी एक दंतकथा रूढ झाली. ते जगन्नाथपुरीला गेले तेव्हा दार बंद होतं. त्यांनी देवालाच सुनावलं: आज ऐश्वर्याने फुगला आहेस, पण बौद्ध चालून आले तेव्हा तुझं अस्तित्व माझ्या हातात होतं!

आता मराठी मुलखाकडे. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीला जाऊन स्थायिक झाले. त्यांचे चिरंजीव नारायणभट्ट. या घराण्याने पुढची दीडशे वर्षं काशीतलं मीमांसेचं आणि धर्मशास्त्राचं पीठ चालवलं. आपल्याकडे घरोघरी ज्याचा दाखला दिला जाई तो ‘निर्णयसिंधू’ (१६१२) नारायणभट्टांच्या नातवाचा, कमलाकरभट्टांचा. मुंबईच्या न्यायालयांत हिंदू वारसा कायद्यासाठी आधार मानला गेलेला ‘व्यवहारमयूख’ दुसऱ्या नातवाचा, नीलकंठभट्टांचा. आणि ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे नारायणभट्टांचे पणतू. त्यांचा ‘भाट्टचिंतामणी’ हा मीमांसेवरचाच ग्रंथ.

देवतेला देह नाही आणि देवळाची जमीन देवाची नाही, असं शिकवणाऱ्या शास्त्राचे हे धुरंधर. त्याच नारायणभट्टांनी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात काशीविश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभं करण्यात पुढाकार घेतला. याला ढोंग म्हणणं सोपं आहे, पण मला ते बरोबर वाटत नाही. काशीतल्याच खंडदेव मिश्रांच्या ‘भाट्टदीपिके’त या ताणाची खूण जशीच्या तशी राहिली आहे. सतराव्या शतकातले ते थोर मीमांसक. देवतेला शरीर नाही, ती फळ देत नाही, हे जैमिनींचं मत त्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने, कुठेही पातळ न करता मांडलं, आणि मांडून झाल्यावर खाली म्हटलं, की असं बोलताना माझी वाणी विटाळते, आता हरीचं स्मरण हाच आसरा. सिद्धान्तात त्यांनी काना-मात्रेचाही बदल केला नाही. शास्त्र शास्त्राच्या जागी ठेवलं, स्वतः मात्र हरीच्या पायाशी गेले.

‘मीमांसान्यायप्रकाशा’चे कर्ते आपदेव यांनी तडजोड जास्त व्यवस्थित केली. विहित कर्म फळासाठी केलं तर ते फळ मिळतं, तेच ईश्वरार्पण बुद्धीने केलं तर मोक्ष, असा समारोप त्यांनी केला. जैमिनींना हे वाचून आश्चर्य वाटलं असतं. आपदेवांचे चिरंजीव अनंतदेव आपली वंशावळ गोदाकाठच्या एकनाथांपासून सांगतात. ते पैठणचेच संत एकनाथ, असं अनेक अभ्यासक मानतात. काळाचा मेळ घालताना ओढाताण होते, पण मीमांसेत भक्ती कोणत्या दाराने शिरली असावी, हे सुचवायला ती वंशावळ पुरेशी आहे. मीमांसेचा मराठी धागा विसाव्या शतकातही तुटला नाही: सात खंडांचा ‘मीमांसाकोश’ रचला तो वाईच्या केवलानंद सरस्वतींनी, एका संन्याशाने.

ज्ञानदेवांनी या कोड्याला हात घातला तो वेगळ्याच बाजूने. ‘भावार्थदीपिका’ (ज्ञानेश्वरी) शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. त्यानंतरच्या ‘अमृतानुभवा’त त्यांना गीतेच्या श्लोकांचं बंधन नव्हतं. तिथे त्यांनी अज्ञानाचं खंडन इतक्या विस्ताराने केलं आहे, की ते प्रकरण ग्रंथात सर्वांत मोठं झालं. जग अज्ञानातून भासतं, हा रूढ वेदान्ताचा आधारच त्यांनी काढून घेतला. जग हे चैतन्याचं स्फुरण, त्याचा विलास. काश्मिरी शैवांचं ‘शिवसूत्र’ ते नाव घेऊन सांगतात, ते याच ग्रंथात. मग एकच जर सगळं असेल, तर भक्ती कोणी कोणाची करायची? त्यांचा दृष्टान्त आहे एकाच डोंगरातून कोरलेल्या देवाचा, देवळाचा आणि परिवाराचा. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशापासून वेरूळचं कैलास लेणं फार लांब नाही, आणि हा दृष्टान्त वाचताना ते आठवल्याशिवाय राहत नाही. तिथला नंदी, तिथले हत्ती, तिथली पिंडी, भोवतीचे खांब यांत कुठेही सांधा नाही; छिन्नीने वरून खाली उतरत जाऊन मधला दगड तेवढा काढून टाकला. तरी नंदी शिवाकडे तोंड करूनच बसला आहे. ज्ञानदेवांची भक्ती अशी. तिला मिळवायचं काही उरलेलं नाही, म्हणून ती थांबत नाही.

कुमारिलांचा आक्षेप इथे उलटा फिरतो. हेतूशिवाय मूर्खही काही करत नाही, म्हणून ईश्वर नाही, असं ते म्हणाले होते. ब्रह्मसूत्रांनी या जातीच्या आक्षेपाला ‘लीला’ असं उत्तर देऊन ठेवलं होतं. शंकराचार्यांनी त्यावर भाष्य करताना सगळं काही मिळालेल्या राजाचं खेळणं आणि श्वासोच्छ्वास हे दाखले दिले. पण ती ईश्वरापुरती सवलत होती. ज्ञानदेवांनी ती भक्ताला दिली.

टिळकांनी ती कर्त्याला दिली. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलेलं ‘गीतारहस्य’ १९१५ साली छापून आलं. गीतेचं तात्पर्य संन्यास नसून कर्मयोग आहे, हे सिद्ध करायला त्यांनी हत्यार वापरलं ते मीमांसकांचं: ग्रंथाचा उपक्रम कोणता, उपसंहार कोणता, पुन्हा पुन्हा काय सांगितलं, नवं काय, फळ काय, या कसोट्या. मीमांसकांना गीतेने दुसऱ्याच अध्यायात फटकारलं आहे, हे ध्यानात घेतलं तर हा वकिली डाव आणखी रंगतो. टिळकांचा सारा भर श्रीकृष्णाच्या स्वतःच्या उदाहरणावर आहे: तिन्ही लोकांत ज्याला मिळवायचं काही नाही, तोही कर्म करतो. तेव्हा ज्ञान झालेल्या माणसाने लोकसंग्रहासाठी तसंच वागावं. ईश्वराचं स्वरूप काय आणि जगायचं कशासाठी, या दोन प्रश्नांना इथे एकच उत्तर मिळालं.

त्या उत्तरातला एक दुवा मात्र मला कच्चा वाटतो. फळाची आशा सोडून लोकांसाठी राबायला ब्रह्मात्मैक्याचं ज्ञान आणि ईश्वरार्पण बुद्धी लागते, असं टिळक धरून चालतात. प्रभाकरांना यातलं काही लागलं नव्हतं. त्यांना एक ‘कर’ पुरत होतं. टिळकांचे जुने सहकारी आगरकर तर वेदाज्ञाही मानत नव्हते, परलोकही नाही; तरी १८९५ साली मरेपर्यंत त्यांनी जे केलं, ते लोकसंग्रहाच्या कुठल्या व्याख्येत बसत नाही, हे मला ‘गीतारहस्या’त अजून सापडलेलं नाही.