दरड का कोसळते?

हिमालयात उतारावर साठलेला बर्फ कधी कधी एकदम खाली येतो. त्याला हिमस्खलन म्हणतात. जुन्या बर्फावर नवा बर्फ पडतो. दोन्ही थरांची पकड कच्ची राहिली, की एका माणसाच्या वजनानेसुद्धा वरचा थर सुटतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण डोंगरावरची माती अशीच सुटते. तिला आपण दरड कोसळली असे म्हणतो.

आपल्या डोंगरात खाली काळा दगड असतो. त्याच्यावर मुरूम व माती असते. पावसाचे पाणी मातीत मुरते, पण दगडात सहज शिरत नाही. ते मधेच साचते. माती जड होते आणि तिची खालची पकड सुटते. झाडांची मुळे माती धरून ठेवतात, म्हणून झाडे पाहिजेतच. पण पाऊस फारच झाला तर झाडेही मातीसकट खाली येतात.

हे पाहण्यासाठी आम्ही वर्गात प्रयोग केला. फळीवर माती पसरली आणि फळीचे एक टोक विटांवर ठेवले. कोरडी माती हलली नाही. मग तांब्याने हळूहळू पाणी घातले. पहिला तांब्या मुरला, दुसराही मुरला. तिसऱ्या तांब्याला मातीला वर भेग पडली आणि मग सगळा थर सरकून खाली आला. आधी भेग, नंतर माती, हे मी नीट पाहिले.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर आला. दीडशे माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला रायगड जिल्ह्यातील तळीये गावावर दरड पडली. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच जिल्ह्यातील इर्शाळवाडी ही आदिवासी वाडी गाडली गेली. तेथे २७ मृतदेह मिळाले, पुष्कळ माणसे सापडलीच नाहीत. तिन्ही वेळा जुलै महिना आणि जोराचा पाऊस होता.

आपल्या जिल्ह्यातही असे होते. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड पडून रस्ता बंद झाला. एका आजारी बाईला दवाखान्यात वेळेवर पोचवता आले नाही व ती दगावली.

दरड येण्याआधी डोंगर खुणा दाखवतो. त्या अशा :

१. उतारावर किंवा घराच्या भिंतीला नवी भेग पडते.
२. झाडे, खांब, कुंपण वाकू लागतात.
३. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते, किंवा नव्या जागी पाणी फुटते.
४. दारे-खिडक्या अडकू लागतात.
५. वरून दगड गडगडतात, मोठा आवाज येतो.

यातली एक खूण दिसली तरी भर पावसात घरात थांबू नये. ढोरे सोडून द्यावीत, म्हाताऱ्यांना व लहानांना घ्यावे आणि उताराच्या बाजूला, म्हणजे दरडीच्या वाटेतून आडवे निघावे. नाल्यात उतरू नये. सरपंच, तलाठी यांना कळवावे. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा फोन १०७७ आहे.

पालकांना माझी विनंती आहे. घर बांधताना उताराचा पायथा खोदू नका. आणि मुलाने येऊन सांगितले, "बा, वर भेग पडली," तर त्याला रागावू नका. आधी जाऊन बघा.

— इयत्ता ७ वी